बाबांचे कान चांगले आहेत

डोकं इतकं फिरलंय की रविवारपासून नीट झोप नाही. माझ्या बाबांना, वय ७६, कोणीतरी २४,००० रुपयांची स्पीकरची वायर विकली. तीन-तीन मीटरचे दोन तुकडे, निळ्या जाळीत गुंडाळलेले, टोकांना सोनेरी पिना, आणि वरून बाण छापलेला, म्हणे सिग्नल या दिशेने जातो.

झालं होतं काय, तर डावा स्पीकर खरखर करत होता. मधेच बंद पडायचा, मागे हात लावला की चालू. ज्याने आयुष्यात एकदा जरी घरी डेक जोडलाय त्याला कळेल की हा लूज काँटॅक्ट आहे. बाबांनी दुकानात फोन केला, तिथला माणूस आला, आणि मागची स्प्रिंगची क्लिप साधी दाबूनही न बघता म्हणाला, काका तुमची वायर ऑडिओ ग्रेडची नाहीये, एवढा चांगला अ‍ॅम्प आणि पुढे ही लाइटची वायर. दुसऱ्या दिवशी नवी वायर जोडली, बिल हातात दिलं, गेला. बाबांनी मला सांगितलंच नाही, कारण मी भडकणार हे त्यांना माहीत होतं.

पैशांचं मी एकवेळ गिळलं असतं. खरंच. पुढचं नाही गिळवत.

त्याच संध्याकाळी बाबांच्या लक्षात आलं की खरखर गेली पण तबल्यातला डग्गाही गेला. फोन करून विचारलं, आवाज मोकळा झालाय पण डग्गा कुठे गेला हो? तर उत्तर काय मिळालं, काका वायर २०० तास वाजू द्या, बर्न-इन व्हावं लागतं, म्हणजे वाजून वाजून मुरावी लागते, आणि कानही तयार व्हावे लागतात, शिवाय आता वयानुसार थोडं कमी ऐकू येणारच ना. कान तयार व्हावे लागतात! हे कोणाला सांगतोयस तू? ज्या माणसाने रमणबागेत सवाई गंधर्व महोत्सवाला सतरंजीवर बसून रात्रीच्या रात्री काढल्या, तेव्हा पहाटेपर्यंत चालायचं ते, ज्याला शेजारच्या खोलीत तंबोरा जरासा उतरला तरी जेवण जात नाही, त्याला तू कान शिकवतोस? आणि बाबा साधे, त्यांनी ते खरं धरलं. तीन आठवडे रोज संध्याकाळी गप्प बसून ऐकत होते आणि आपले कान गेले असं समजत होते. मला कळलं ते कानाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली तेव्हा. सोबत येशील का म्हणून फोन केला त्यांनी. मी पाच मिनिटं काही बोलूच शकले नाही.

रविवारी सकाळी गेले. स्पीकरची जाळी काढली, अ‍ॅम्पकडची वायरची टोकं सोडवली आणि एक साधा पेन्सिल सेल घेऊन लाल टोकाला प्लस, काळ्याला मायनस असा क्षणभर टेकवला. उजव्या स्पीकरचा पडदा टक् करून बाहेर आला. डाव्याचा आत गेला. आत! एका बाजूचं प्लस-मायनस उलटं जोडून गेला होता तो. दोन स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतायत, एक हवा ढकलतोय आणि दुसरा ओढतोय, मग खालचे सूर एकमेकांना मारणारच, डग्गा जाणारच, आणि गाणारा समोर मधोमध बसलाय असं न वाटता आवाज खोलीभर पसरणारच. हाच तो मोकळा आवाज. बाबांच्या कानांनी पहिल्या संध्याकाळी बरोबर पकडलं होतं आणि त्यांनाच म्हातारं ठरवलं.

मग जुनी वायर शोधली, माळ्यावर ठेवली होती. साधी दीड एमएमची तांब्याची, २० वर्षं तरी झाली असतील. डाव्या स्पीकरकडचं टोक हिरवं पडलेलं, तारेचे निम्मे केस तुटलेले, उरलेले कसेबसे क्लिपमध्ये अडकत असणार. पक्कडीने इंचभर कापलं, सोललं, चकचकीत तांबं निघालं, नीट पीळ दिला की एकही केस बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला चिकटू नये, क्लिप पॉलिश पेपरने घासली, जोडलं. दहा मिनिटं. खरखर बंद, डग्गा परत. खर्च शून्य.

जोड महत्त्वाचा आहे हो, मी कुठे नाही म्हणतेय! जोड घट्ट हवा, स्वच्छ हवा, प्लसला प्लस हवं. सोन्याचा मुलामा गंजत नाही एवढा त्याचा उपयोग मान्य, पण सोनं काही तांब्यापेक्षा चांगलं वीज वाहून नेत नाही, आणि त्या सोनेरी पिनेचा आतला स्क्रू इतका ढिला होता की ओढल्यावर वायर माझ्या हातात आली. वायरचं म्हणाल तर तीन मीटर दीड एमएम, जाऊन-येऊन सहा मीटर, रेझिस्टन्स ०.०८ ओहम. समोर ८ ओहमचा स्पीकर. फरक ०.१ डेसिबलच्याही आत, कानाला कळणारही नाही. आणि तो बाण! स्पीकरच्या वायरीत एसी करंट असतो, सतत दिशा बदलणारा. काळी एक पट्टीतला सा लागला की करंट सेकंदाला १३८ वेळा जातो आणि तितक्याच वेळा उलटा परत येतो, बाण कुठल्या बाजूला धरायचा?

वायर कुठे नडते ते मला माहितीये, कारण माझ्या स्वतःच्या फ्लॅटमध्ये पीओपीवाल्याने मागच्या स्पीकरना अर्ध्या एमएमची केसासारखी वायर भिंतीत गाडली, १५ मीटर लांब, ६ ओहमच्या स्पीकरच्या वाटेत वायरचाच रेझिस्टन्स एक ओहमच्या वर, आणि आता भिंत फोडल्याशिवाय बदलता येत नाही. तिथे बोललं पाहिजे. नंतर दुसरी वायर विकत आणली तर शुद्ध कॉपर म्हणून दिलेली, ब्लेडने खरवडली तर आत पांढरं ॲल्युमिनियम. दुकानात विचारायला गेले तर म्हणे मॅडम हे टेक्निकल असतं, सरांना पाठवा. मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय रे, सरांना फ्यूजसुद्धा बदलता येत नाही.

२००७ मध्ये अमेरिकेत जेम्स रँडींनी, चमत्कारांची पोलखोल करणाऱ्या जादूगाराने, १० लाख डॉलर देऊ केले होते, महागडी आणि साधी स्पीकर वायर न बघता नुसती ऐकून ओळखून दाखवा म्हणून. ती टेस्ट शेवटी झालीच नाही. मी घरी केली. बाबांना पाठ करून बसवलं आणि दोन्ही वायरी आलटून पालटून जोडल्या, १० वेळा. त्यांना ओळखता आलं नाही, मलाही नाही. मग न सांगता मधेच चार वेळा एका बाजूचं प्लस-मायनस उलटं केलं. चारही वेळा बाबांनी हात वर केला, अगं डग्गा गेला.

अपॉइंटमेंट रद्द केली. दुकानात फोन केला तर म्हणतात उघडलेली वायर परत घेत नाही, रिटर्नचे सात दिवस संपले. २०० तास वाजवायला तुम्हीच सांगितलं ना? बाबा रोज अडीच तास ऐकतात, म्हणजे ८० दिवस, आणि परत करायला सात? बाबा म्हणतात जाऊ दे, भांडू नकोस, वायर घडी करून खोक्यात ठेवलीये. मी १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. उद्या ११ वाजता दुकान उघडतं, खोकं, बिल आणि पेन्सिल सेल घेऊन जातेय. पैसे तर घेणारच, पण त्या माणसाने बाबांना फोन करून सांगायचं की काका, तुमचे कान बरोबर होते, चूक माझी होती. तोपर्यंत मी तिथून हलणार नाही.