अंगण दोन अंशांनी वाकडं

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण ज्याने केली त्याच्याकडे अंगण मोजायचं साधन नव्हतं. गोल्फवाल्यांकडे ते आहे. त्याला क्लब फिटिंग म्हणतात, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) खेळणाऱ्याच्या मापाचा करणं, आणि माझ्या मते या खेळातली सगळ्यात घातक गोष्ट तीच. चेंडू झाडीत गेला की जो तो आधी हातातल्या क्लबकडे संशयाने बघतो. बऱ्याचदा क्लब बिचारा निर्दोष असतो. पण मोजायला बसलं की कधीकधी अंगण खरंच वाकडं निघतं. किती? दोन अंश. एवढ्या पुराव्यावर माणूस पुढची दहा वर्षं खुशाल वाईट खेळू शकतो.

खरं तर फिटिंग बेळगावला नवं नाही. विटीदांडूचा दांडू दुकानातून कुणी आणला? फांदी तोडायची, हातात धरून बघायची, लांब वाटली तर कोयत्याने बोटभर उतरवायची, मुठीत मावेना तर तासायची. लांबी, वजन, ग्रिप, सगळं झाडाखालीच जमायचं. मग वकट, लेंड, मूंड, नाल म्हणत मोजणी. दक्षिणेकडचे आकडे मराठी तोंडात; सीमावाद विटीपर्यंत पोचलेला नव्हता. आणि हीच पोरं पन्नाशीत गोल्फकडे वळली की अमेरिकेतल्या भाच्याने पाठवलेला, नाहीतर बदली होऊन गेलेल्या सहा फुटी साहेबाने विकलेला सेट घेऊन उभी राहतात. दांडू कधी दुसऱ्याच्या मापाचा चालवला नाही. हा मात्र चालतो, कारण त्याची पिशवी भारी असते.

पहिलं माप फुकटात होतं. बूट घालून ताठ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंत दुसऱ्याने टेप लावायचा. दुसऱ्यानेच, आपण वाकलो की मनगटही वाकतं. कंपनीगणिक तक्ते थोडे वेगळे असतात, पण साधारण 34 ते 36 इंच भरलं तर नेहमीच्या लांबीचे क्लब चालतात, म्हणजे सात नंबरचं आयर्न (धातूच्या चपट्या डोक्याचा क्लब) 37 इंचांच्या आसपास. त्याहून कमी भरलं तर क्लब कापायचा मोह होतो. कापा, पण बुडाकडून, ग्रिप काढून. टोकाकडून, म्हणजे डोक्याच्या बाजूने कापला तर शाफ्ट (क्लबचा दांडा) ताठ होतो. आणि अर्धा इंच कापला की स्विंगवेट (फिरवताना डोकं किती जड भासतं त्याचं माप) तीन अंकांनी उतरतं, डी-2 चं सी-9 होतं. हातात क्लब नसून उदबत्ती असल्यासारखं वाटायला लागतं. मग डोक्याच्या मागे शिशाची पट्टी चिकटवायची, अंकाला साधारण 2 ग्रॅम. म्हणजे सहा ग्रॅम. वजनकाटा सोनाराचा, काम लोहाराचं.

आता ते अंश, म्हणजे शाफ्ट आणि तळ यांच्यातला कोन. आयर्नचा तळ जमिनीवर सपाट टेकायला हवा. क्लब उभट असला, म्हणजे डोक्याचं पुढचं टोक वर आणि शाफ्टकडची टाच खाली, की टाच आधी रुतते आणि तोंड (चेंडूला लागणारी बाजू) डावीकडे बघतं. क्लब आडवा असला की उलट. (हे उजव्यांसाठी, डावऱ्यांनी आरसा धरून वाचावं.) दीडशे यार्डांवर एका अंशाला तीन-चार यार्डांचा फरक पडतो. तपासायला पोरांच्या व्हाइटबोर्डचा मार्कर पुरतो. चेंडूवर जाड उभी रेघ ओढायची, ती क्लबच्या तोंडाकडे येईल असा चेंडू ठेवायचा आणि नेहमीसारखा मारायचा. ‘नेहमीसारखा’ हा शब्द महत्त्वाचा, कारण मोजणी चाललीय म्हटल्यावर माणूस लग्नाच्या फोटोत उभा राहावा तसा उभा राहतो. रेघ तोंडावर उमटते. तोंडावरच्या आडव्या खाचांशी काटकोनात असेल तर अंगण सरळ. वरचं टोक क्लबच्या टोकाकडे झुकलं तर क्लब उभट, टाचेकडे झुकलं तर आडवा. एका रेघेवर निकाल देऊ नका, दहा मारा. त्यातल्या दोन उमटतच नाहीत, कारण चेंडूला क्लब लागलेलाच नसतो.

वाकवायचं कसं? इथे बेळगावकराच्या छातीत हवा भरते. उद्यमबागेत फाउंड्री, मशीनशॉप, हायड्रॉलिक्स. व्हर्निअर खिशात घालून हिंडणारी माणसं. ‘दोन अंशच ना? द्या इकडं.’ नका देऊ. आधी क्लब घडाईचा आहे की ओतीव, ते बघा. घडाईचं मऊ कार्बन स्टील माप लावून, दमादमाने वाकवता येतं. ओतीव कडक स्टेनलेसची मानही (डोकं शाफ्टला जोडतं ती जागा) दोनेक अंश सरकते, पण ती बरोबरच्या दांड्याने आणि कोन मोजणाऱ्या यंत्रात पकडून. पाइप घालून जोर लावला की मान तुटते. भिडाचा तवा हातोड्याने सरळ करायला कुणी बसत नाही, एवढं तर उद्यमबागेला सांगायला नको. हे काम आम्ही पुण्या-बंगळुरूकडे गेलो की उरकतो आणि घरी सांगतो की लग्नाला गेलो होतो.

लॉफ्टचं, म्हणजे तोंड मागे किती कललंय त्या कोनाचं प्रकरण म्हणजे शुद्ध फसवणूक, पण गोड. जुन्या सात नंबरला 34-35 अंश असायचे, नव्याला 28 ते 30. जुना पाच-सहा नंबर घेऊन त्यावर सातचा छाप मारायचा, की घेणारा म्हणतो, ‘नवा सेट घेतल्यापासून सात नंबर वीस यार्ड जास्त जातो.’ जाणारच, लॉफ्ट कमी की चेंडू लांब. त्यात बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर. हजार फुटांमागे चेंडू टक्का-सव्वा टक्का जास्त उडतो, म्हणजे गोव्यातले दोनशे यार्ड इथे पाच-सहा यार्डांनी वाढतात. श्रेय ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायचा क्लब). घाट उतरला की तेच पाच-सहा यार्ड नाहीसे होतात, तेव्हा दोष दमट हवेला. नव्या सेटचा खरा तोटा खालच्या टोकाला कळतो. पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळून उंच मारायचा क्लब) 44 अंशांचा, सँड वेज 56 चा, मधे बारा अंशांचा खड्डा. ऐंशी-नव्वद यार्डांवर उभं राहून दोन्ही क्लब आळीपाळीने हातात घेणारा माणूस दिसला तर समजा, तो त्या खड्ड्यात आहे. पन्नासचा एक वेज घ्या. चौदा क्लबांची मुभा आहे, पण नवख्याला आठ पुरतात. उरलेले सहा कॅडीच्या खांद्यासाठी.

घरी करण्यासारखं आणि घरात भांडण लावण्यासारखं काम म्हणजे ग्रिप बदलणं. इथला जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि हाताचा घाम यांनी रबर काचेसारखं होतं. मग माणूस मूठ आवळतो, मूठ आवळली की मनगट अडतं, मनगट अडलं की क्लबचं तोंड उघडं राहतं आणि चेंडू उजवीकडे. फार जाड ग्रिपनेही साधारण हेच होतं. फार बारीक असली तर हात लवकर वळतात आणि चेंडू डावीकडे.

आकडीच्या पात्याने जुनी ग्रिप चिरायची, पातं अंगापासून दूर नेत. शाफ्ट ग्राफाइटचा असेल तर सरळ पात्याला हात लावू नका, तंतू कापले जातात. शाफ्ट व्हाइसमध्ये धरताना सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा, नाहीतर ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि तो महाग असतो. ग्रिपखालची जुनी चिकटपट्टी केस वाळवायच्या यंत्राने गरम करून सोलायची. यंत्र कुणाचं ते आधी विचारा. मग दुहेरी चिकटपट्टी लावायची, बुडाबाहेर अर्धा इंच ठेवून आत दुमडायची. आता टर्पेंटाइन. खडेबाजारात रंगाच्या दुकानात मागितलं की दुकानदार विचारतो, ‘दार की खिडकी?’ खिडकी म्हणायचं. ‘गोल्फची काठी’ म्हटलं की भाव वाढतो. रॉकेल नको, त्याचा तेलकटपणा जात नाही आणि ग्रिप आठवडाभर फिरत राहते. पेट्रोल तर नकोच, भडका उडेल. ग्रिपच्या बुडाचं भोक बोटाने दाबून आत टर्पेंटाइन ओतायचं, हलवायचं आणि तेच पट्टीवर सगळीकडे सोडायचं, खाली परात ठेवून. आणि मग एका दमात ग्रिप आत.

एका दमात. कंजूषपणा केला, टर्पेंटाइन कमी पडलं, किंवा मधेच फोन उचलला, की ग्रिप निम्म्यावर बसते. पुढे जात नाही, मागे येत नाही. एक पाय भिंतीला लावून ओढणारा माणूस, वर हात टर्पेंटाइनने बुळबुळीत, आणि स्वयंपाकघरातून प्रश्न: ‘परात कुठली घेतली?’ अशा वेळी फोडणीच्या सुईने (इंजेक्शनची सुई, पण घरात तिला नाव पडतंच) रबराखाली आणखी टर्पेंटाइन सोडून ती काढता येते. बसली तर मिनिटभरात खुणा जुळवून सरळ करायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. एरवी ग्रिप कोमट साबणपाण्याने धुवायच्या, पावसात पिशवीला पंचा बांधायचा. टॉवेलपेक्षा पंचा बरा, लवकर वाळतो.

एवढं करून चेंडू विळ्यासारखा उजवीकडे वळतोच. याचं कारण क्लब जातो त्या वाटेच्या मानाने तोंड उघडं असणं, आणि बहुतेकांची वाट बाहेरून आत येते. डावी मूठ वरून पाहिली तर दोन-तीन गाठी दिसायला हव्यात. एकच दिसत असेल तर मूठ थोडी उजवीकडे वळवा. चेंडू तोंडावर नेमका कुठे लागतो ते बघायला तोच मार्कर ड्रायव्हरच्या तोंडावर फासा, ठसा दिसतो. चेंडूशिवाय हवेत मारलेले सरावाचे फटके मात्र हिशोबात धरू नका. ते मनातले मांडे, आणि मांडे तर आमच्या बेळगावचेच; त्यात आम्हाला कुणी हरवायचं नाही.

झाडीचं म्हणाल तर 2022 च्या ऑगस्टमध्ये इथल्या गोल्फ मैदानाच्या रानात बिबट्या शिरला होता. शाळा बंद ठेवाव्या लागल्या, पिंजरे लावले, ड्रोन उडवले, हत्ती आणले. तो काही हाती लागला नाही. त्या झाडीत चेंडू शोधलेल्यांना याचं नवल वाटलं नाही. वनखात्याला आठवडे मिळाले, गोल्फच्या नियमात मिळतात तीन मिनिटं. 2019 च्या आधी पाच होती. तिसऱ्या मिनिटाला कॅडी झुडपातून मान वर काढतो, ‘सर, बॉल घावंना की ओ.’ आणि थोडं थांबून, ‘क्लब बरा हाय न्हवं?’

बराच आहे. लांबी मोजली, रेघ काटकोनात आली, ग्रिप नवी आहे. पण शाफ्टचा फ्लेक्स, म्हणजे लवचिकपणा, राहिलाय. ड्रायव्हरचा वेग ताशी 85 ते 95 मैल असेल तर आर (रेग्युलर), त्यावर एस. ए म्हणजे सीनिअर, तो दुकानात कुणी मागत नाही. एस म्हणजे स्टिफ, त्याला सीनिअर समजून घेणारे निघतात. माझ्या शाफ्टवरचं अक्षर घासून गेलंय. ते कळेपर्यंत तरी अंगणाबद्दल मी काही कबूल करणार नाही.