पुढून करकर येतेय म्हणून लगेच शॉकअप बदलू नका

फोर-बाय-फोर गाड्यांबद्दलचा एक सल्ला सध्या हातोहात फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पुढच्या सस्पेन्शनमधून करकर आली म्हणजे शॉकअप गेले. बदलेपर्यंत बुशांवर (सांध्यांतल्या रबरी गाद्यांवर) जळकं ऑइल नाहीतर डिझेल मारा. आवाज ज्या बाजूने येतो त्याच बाजूचा पार्ट खराब. वळताना वाजलं तर तो फोर-बाय-फोरचा जॉइंट. आणि चाक उचलून हलवल्यावर ढिलं लागलं नाही, तर खुशाल चालवा.

आधी शॉकअप. स्प्रिंगची उसळी जिरवणं हे त्याचं काम. तो गेला की अंगावर तेल ओघळलेलं दिसतं, गतिरोधक उतरल्यावर गाडीचं नाक डोलत राहतं, कधी ठक् असा आवाज येतो. करकर ही वेगळी गोष्ट आहे. दोन पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांना चिकटतात, ताण वाढला की सुटतात, पुन्हा चिकटतात. जुनी बिजागरी वाजते ती याचमुळे. शॉकअपचा पिस्टन तेलात बुडालेला असतो, तो असा सहसा वाजत नाही. त्याचा खालचा बुश किंवा वरचं माउंट वाजू शकतं. म्हणून नवे शॉकअप टाकल्यावर आवाज थांबला, तरी तो त्यांच्यासोबत आलेल्या नव्या बुशांमुळे थांबलेला असू शकतो.

जळक्या ऑइलचा सल्ला मात्र नुकसान करणारा आहे. लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. आतली नळी आणि बाहेरचं कडं यांना रबर पक्कं चिकटवलेलं असतं; आर्म वर-खाली झाला की रबर पिळतं आणि परत येतं. तिथे काही घासतच नाही, मग वंगण कशाला? असा बुश करकरायला लागला म्हणजे रबर फाटलंय किंवा धातूपासून सुटलंय. ऑइल त्या फटीत शिरतं, थोडे दिवस शांतता मिळते, आणि तेवढ्यात खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगून मऊ पडतं. पॉलीयुरेथेनचे बुश खरोखर घासत फिरतात, त्यांना बसवताना ग्रीस लागतं, पण ते सिलिकॉनचं.

नवा बुशही लवकर वाजतो, त्याचं कारण बऱ्याचदा बसवण्यात असतं. चाकं लोंबकळत असतानाच आर्मचे बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर उतरताच रबर पिळलेलं राहतं आणि कायम तसंच चालतं. शेवटचा आवळा गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच द्यायचा. लिफ्ट किट (गाडी उंच करणारे पार्ट) टाकतानाही हेच. बोल्ट सैल न करता गाडी उंच केली की जुने बुश तिरपे ताणले जातात.

आता बाजूचा मुद्दा. लॅडर चासीवरून, म्हणजे गाडीखालच्या शिडीसारख्या सांगाड्यावरून, आवाज लांबवर जातो. डावीकडे ऐकू आलेली करकर कधी उजव्या बुशाची असते, कधी बॉडी आणि चासीमधल्या रबरी माउंटची, कधी स्किड प्लेटच्या (पोटाखालच्या संरक्षक पत्र्याच्या) ढिल्या बोल्टची. कानापेक्षा हालचालीवर विश्वास ठेवा. दोन्ही पुढची चाकं एकदम चढतील अशा उंचवट्यावरून सावकाश जा, मग एकच चाक चढेल असं जा. दोन्ही चाकं सारखीच उचलली गेली तर स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या बाजूंना जोडणारा दांडा) पिळला जात नाही. एकच उचललं तर पिळला जातो. करकर फक्त दुसऱ्या वेळी आली, तर संशय बारच्या बुशांवर आणि लिंक रॉडवर (बारची टोकं सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्यांवर). लिंक सोडून, टोकं कशाला लागणार नाहीत अशी बांधून, मोकळ्या जागेत हळू चालवून पाहिलं की बहुतेक शंका फिटते. साध्या पाण्याचा फवारा एका वेळी एकाच बुशावर मारूनही आवाज बदलतो का ते कळतं. हा तपास झाला, दुरुस्ती नव्हे.

वळताना वाजणारं सगळं ड्राइव्ह शाफ्टचं (चाक फिरवणाऱ्या दांड्याचं) नसतं. गाडी उभी आहे, नुसतं स्टेअरिंग फिरवलं आणि करकरलं, तर शाफ्ट फिरतच नाहीये. बॉल जॉइंट (आर्म आणि चाक यांच्यामधला गोळीचा सांधा), स्ट्रटचं (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेल्या खांबाचं) वरचं बेअरिंग किंवा स्टेअरिंगच्या दांड्याचा रबरी बूट तपासा. सीव्ही जॉइंट (ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा सांधा) पूर्ण वळणावर, गाडी चालत असताना, चाकाच्या लयीत टक्-टक् करतो. पार्ट-टाइम फोर-बाय-फोर (पुढची-मागची चाकं गरजेपुरती एकत्र जोडणारं) कोरड्या डांबरावर लावून वळलात तर गाडी अडखळणारच, कारण वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात आणि तो फरक जिरवायला जागा नसते. जिम्नीसारख्या सलग पुढच्या ॲक्सलच्या (दोन्ही चाकांमध्ये एकच अखंड आस असलेल्या) गाडीत तर तपासाची यादीच वेगळी: पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश, किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ).

चाक हलवून पाहण्याची पद्धत योग्य आहे, पण जॅक कुठे लावला यावर सगळं अवलंबून. स्प्रिंग लोअर आर्मवर टेकलेली असेल आणि जॅक चासीखाली असेल, तर स्प्रिंगचा दाब बॉल जॉइंटवर राहून त्याचा ढिलेपणा झाकला जाऊ शकतो. जॅक आर्मखाली, जॉइंटच्या जवळ लावा, चासीला स्टँडचा आधार द्या आणि टायरखाली पहार घालून उचलून बघा. तरीही प्ले (ढिलेपणा) सापडला नाही म्हणून जॉइंट बरा ठरत नाही. बूट (वरचं रबरी आवरण) फाटून ग्रीस गेलेला, आत पाणी आणि रेती शिरलेला जॉइंट आधी करकरतो, ढिला नंतर होतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक जॉइंटच्या घरावर आणि मूठ कानाला लावून दुसऱ्याला स्टेअरिंग सावकाश फिरवायला सांगा. कोरडा जॉइंट स्पष्ट ऐकू येतो. खालचा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होऊन मडगार्डखाली दुमडतं आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. म्हणून फाटका बूट आणि जागेवरची करकर एकत्र दिसली, तर गाडी डोंगरात नेण्याआधी जॉइंट बदला, आणि मग अलाइनमेंट करून घ्या.