खुर्चीवर बसू न देणारे संगीत

संगीत ऐकणे म्हणजे स्वस्थ बसणे, हे मी पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या मांडवात शिकलो. तिथे श्रोत्याची कर्तव्ये ठरलेली असतात. मांडी घालून बसावे, मान हलवावी, समेवर हात मांडीवर टाकावा, अधूनमधून डोळे मिटावेत आणि मध्यंतरात चहा प्यावा. एवढे सांभाळले की स्वतःला एकही सूर लावता आला नाही तरी रसिक म्हणून आयुष्यभर मिरवता येते. अमेरिकेतल्या नैर्ऋत्य व्हर्जिनियात मात्र रसिक नावाची ही बैठी जमात अस्तित्वातच नाही, आणि तिथे राहायला गेलेल्या माझ्यासारख्या माणसाची त्यामुळे जी परवड होते, तिची नोंद कोणीतरी करायलाच हवी.

आम्ही ब्लॅक्सबर्गला राहतो. शेजारी एक निवृत्त गृहस्थ आहेत, ते बँजो हे तंतुवाद्य वाजवतात. एका शुक्रवारी त्यांनी आम्हा उभयतांना गाडीत घातले आणि ब्लू रिज पर्वताच्या वळणावळणांच्या रस्त्याने फ्लॉइड नावाच्या गावी नेले. या अख्ख्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, वाहतुकीचा सिग्नल एकच आहे, आणि त्याच्यापासून जवळच फ्लॉइड कंट्री स्टोअर हे जुने दुकान आहे. तिथे इतर दिवशी लोक गोळ्या-चॉकलेटे आणि शेतकऱ्यांचे डगले घेतात आणि शुक्रवारी रात्री नाचतात. तिथे दारूला मज्जाव आहे, धूम्रपानाला मज्जाव आहे आणि शिवी देण्यालाही मज्जाव आहे. हा शेवटचा नियम मराठी शिव्यांना लागू आहे की नाही, हा प्रश्न मला तासाभरात पडणार होता.

पहिला तास भक्तिगीतांचा असतो. तो मला फार आवडला, कारण त्यात बसायला मिळते. चार जण एका मायक्रोफोनभोवती उभे राहून तीन-चार वेगवेगळ्या सुरावटी एकाच वेळी गात होते, आणि मी मान हलवत होतो. याच वेळी आजूबाजूची मंडळी वाकून बूट बदलत होती, इकडे मी लक्ष द्यायला हवे होते. त्या बुटांच्या तळव्यांना धातूच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, आणि असे बूट घालणारा माणूस कधीही स्वस्थ बसण्यासाठी आलेला नसतो.

भक्तिगीते संपली, फिडलने, म्हणजे इथल्या व्हायोलिनने, एक सूर ओढला, आणि पाहता पाहता रंगमंचापुढची लाकडी जमीन माणसांनी भरून गेली. या नाचाला फ्लॅटफूटिंग म्हणतात. कमरेच्या वरचा देह जवळजवळ स्थिर ठेवायचा, पावले जमिनीपासून फारशी उचलायची नाहीत आणि टाचा-चवडे आपटून फिडलच्या लयीला आपला ठेका जोडायचा. पाहायला हे अगदी सोपे वाटते, विशेषतः करणारी व्यक्ती पंचाहत्तरीची असली म्हणजे. आमच्या पुढच्या रांगेतल्या आजीबाई काठी खुर्चीला टेकवून गेल्या आणि चार धुनी सलग नाचून काठी घ्यायला परत आल्या.

मी दाद देण्याचे काम पत्करले, पण त्यातही अडचण होती. इथले लोक टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजवतात. माझा हात पहिल्या मात्रेवर पडतो, आणि त्याला मी दोष मानत नाही, तो संस्कार आहे. तरीही दोनशे तळहात एकीकडे आणि माझे दोन दुसरीकडे असा प्रकार सुरू झाला, तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या सहा-सात वर्षांच्या मुलीने माझ्याकडे वळून पाहिले आणि करुणेने माझा हात धरून तो योग्य मात्रेवर आपटून दाखवला.

शेजाऱ्यांचे मेहुणे आमच्याबरोबर होते, आणि तेही बँजो वाजवतात, पण या दोघांचे पटत नाही. इथल्या लोकसंगीताच्या दोन शैलींपैकी शेजारी ओल्ड-टाइम पंथाचे आहेत आणि मेहुणे ब्लूग्रासचे. खुर्च्या अशा मांडल्या गेल्या होत्या की हा वाद माझ्या दोन कानांतून आरपार चालावा. मेहुण्यांच्या म्हणण्यानुसार खरे संगीत केंटकीच्या बिल मन्रो यांच्यापासून सुरू होते. त्यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडने 1939 मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्रीच्या रेडिओ कार्यक्रमात प्रवेश केला, आणि 1945 च्या डिसेंबरात त्या बँडमध्ये अर्ल स्क्रग्ज हा तरुण आला, ज्याने अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशा तीन बोटांनी बँजोवर सुरांचा असा सडा घातला की पुढचे सगळे त्याच वाटेने गेले. शेजारी यावर शांतपणे म्हणाले की त्याच्या आधी शंभर वर्षे लोक नाचतच होते. बँजो मुळात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचा, भोपळ्यावर कातडे ताणून केलेल्या वाद्यांतून आलेला, आणि त्याला रेडिओची कधीच गरज नव्हती.

मला समजला तो फरक असा. ब्लूग्रासमध्ये प्रत्येक वादक आळीपाळीने पुढे येऊन आपली करामत दाखवतो आणि लोक गाणे चालू असतानाच त्याला टाळ्या देतात. ओल्ड-टाइममध्ये कोणीच पुढे येत नाही. सगळे मिळून एकच धून पुन्हा वाजवतात, मग पुन्हा वाजवतात, आणि त्यानंतर ती वाजवतात. हे नाचणाऱ्यांसाठी असल्यामुळे नाचणारे दमल्याशिवाय धून संपत नाही, आणि आजीबाईंचे मी वर सांगितलेच आहे.

मी या वादात कोणाचीच बाजू घेतली नाही. बँजोची पाचवी, आखूड तार तेवढी मला जिव्हाळ्याची वाटली. तिची खुंटी दांडीच्या मध्येच असते आणि ती सतारीच्या चिकारीसारखी एकाच उंच सुरात मधूनमधून टणत्कार करत राहते. हे मी बोलून दाखवले. त्यावर दोघांचेही एकमत झाले की मी बँजो शिकावा. त्या संध्याकाळी त्यांचे एकमत झालेला हा एकच मुद्दा होता.

एव्हाना पत्नी खुर्चीवर नव्हती. ती मला दिसली तेव्हा काठीवाल्या आजीबाई तिला टाच कशी पाडायची ते दाखवत होत्या. तिने लांबूनच हाक मारली, “अहो, उठा की! पाय आपटायचे आहेत फक्त.” मी गुडघ्याकडे बोट दाखवले. तेवढ्यात त्या लहान मुलीने माझा दुसरा हात धरला, आणि मी जमिनीवर दाखल झालो. पुढच्या क्षणी धातूची पट्टी लावलेला एक बूट माझ्या अंगठ्यावर उतरला, आणि मघाचा शिव्यांचा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. मी फक्त “अरे देवा” म्हणालो, जे भक्तिगीतांच्या तासातही चालले असते.

रात्री बाहेर पडलो तर फुटपाथवर वादकांचे एक कोंडाळे बसलेले होते, आणि शेजाऱ्यांनी गाडीची किल्ली खिशात टाकून बँजो काढला. ओल्ड-टाइमच्या बैठकीत पट्टी सहसा बदलत नाहीत, कारण पट्टी बदलली की बँजो आणि फिडल पुन्हा जुळवावे लागतात, आणि बँजो जुळवण्यात अर्धे आयुष्य जाते असा विनोद बँजोवालेच करतात. म्हणून एकदा ‘ए’ पट्टी धरली की ती तासभर सुटत नाही. धून थांबवायची असेल तर ती सुरू करणारा वादक एक पाय वर उचलतो आणि त्या फेरीअखेर सगळे थांबतात. ही माहिती मिळाल्यापासून मी कोणाच्याही चेहऱ्याकडे पाहिले नाही. एका गृहस्थांचा पाय हलला, माझी आशा पालवली, त्यांनी बुटाची नाडी बांधली आणि धून पुढे चालू राहिली.

परतीच्या वाटेवर शेजाऱ्यांनी ऑगस्टचा बेत सांगितला. गॅलॅक्स गावी 1935 पासून फिडलवाल्यांचे संमेलन भरते, मैदानात तंबू आणि मोटारघरे लागतात आणि त्यांच्या मधल्या जागेत रात्र-रात्र वाजवणे चालते. तिथे बसायची काय सोय असते, असे मी विचारले. खुर्ची आपापली न्यायची असते, असे ते म्हणाले. पत्नीने घरी पोचल्यावर लगेच घडीची खुर्ची मागवली. एकच मागवली. तिला लागणार नाही, असे तिचे म्हणणे आहे.