खुलासा: कानाला कान जुळलेले वटवाघूळ रक्तपिपासू नाही

मोठे कान आणि नाकावर पानासारखी उभी कातडी असलेल्या वटवाघळाचा फोटो ‘रक्त पिणारे वटवाघूळ आपल्याकडे सापडले’ अशा मजकुरासह फिरतो आहे. हे खोटे आहे. रक्तावर जगणाऱ्या वटवाघळांच्या जगात तीनच जाती आहेत, आणि त्या मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच आढळतात.

फोटोतली लक्षणे मेगाडर्मा लायरा या भारतीय जातीची आहेत. दोन्ही कानांच्या आतल्या कडा कपाळावर एकमेकींना जुळतात. कानाच्या तोंडाशी असलेली पाळी, म्हणजे ट्रॅगस, दुभंगलेली असते. शेपूट बाहेर दिसत नाही. खात्रीची खूण तोंडात आहे: वरच्या जबड्यात पुढचे पटाशीचे दात नसतातच. रक्त पिणारी वटवाघळे नेमक्या त्याच धारदार दातांनी कातडी कापतात. ही जात किडे, बेडूक, पाली, उंदीर खाते. गैरसमजाचे मूळ तिच्या ‘फॉल्स व्हॅम्पायर’ (खोटे रक्तपिपासू) या इंग्रजी नावात आहे. त्यातला ‘फॉल्स’ कुणी वाचतच नाही.

ओळखताना रंगावर विसंबू नका, तो वयानुसार बदलतो. फोटोवरून आकारही ठरवू नका. कॅमेऱ्याजवळचे छोटे वटवाघूळही प्रचंड दिसते. अभ्यासक पंख मिटून कोपर ते मनगट हे अंतर कॅलिपर या मोजण्याच्या साधनाने मोजतात. या जातीत ते साधारण ६ ते ७ सेंटीमीटर, तर वडा-पिंपळावर लटकणाऱ्या मोठ्या फलाहारी वटवाघळात १५ सेंटीमीटरहून जास्त भरते.

मोजमाप प्रशिक्षित माणसावर सोडा. जमिनीवर पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका.