‘तिकडे बर्फातही रेल्वे थांबत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात लोकल खोळंबली की एक व्हिडिओ हमखास फिरतो. इंजिन बर्फाचे लोट उडवत सुसाट निघालंय आणि खाली ओळ: ‘तिकडे दहा फूट बर्फातही गाडी थांबत नाही. सगळं यंत्र करतं. आपल्याकडे दोन सरींत ठप्प!’

थांबत नाही? जानेवारी 1952 मध्ये कॅलिफोर्नियात, डॉनर खिंडीजवळ ‘सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को’ ही आलिशान गाडी बर्फात रुतली. सव्वादोनशे माणसं तीन दिवस आत अडकली. इंधन संपलं, डबे गारठले. प्रवासी वाचले, पण सोडवायला निघालेल्या बर्फ हटवणाऱ्या गाडीवर हिमकडा कोसळून तिचा चालक गेला. त्याचं नाव त्या व्हिडिओखाली कुणी लिहीत नाही.

सगळं यंत्र करतं, हेही अर्धंच खरं. सपाटीवरचा भुसभुशीत बर्फ नांगर लावलेलं इंजिन उडवतं. घाटात पुढे भलंमोठं फिरतं चाक लावलेली ‘रोटरी’ लागते. ती बर्फ कापून बाजूला फेकते आणि तिला मागून इंजिनं ढकलतात. पण हिमकडा कोसळतो तेव्हा बर्फासोबत झाडांचे ओंडके आणि दगड येतात. त्यात रोटरीची पाती मोडतात. मग फावडी घेऊन माणसंच उतरतात.

1910 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या वेलिंग्टनला दोन गाड्या अशाच अडकल्या. रोटरी कोसळलेल्या हिमकड्यांमध्ये सापडल्या, कोळसा संपत आला. फावडेवाल्यांनी वाढीव मजुरी मागितली, ती मिळाली नाही, अनेक जण निघून गेले. 1 मार्चच्या पहाटे हिमकडा सुटला आणि गाड्या दरीत गेल्या. 96 मेले, त्यात निम्म्याहून जास्त रेल्वेचेच कामगार. तीनच दिवसांनी कॅनडाच्या रॉजर्स खिंडीत कोसळलेला एक हिमकडा उपसणाऱ्या मजुरांच्या टोळीवर समोरच्या डोंगरावरून दुसरा कोसळला. 58 गेले, त्यातले 32 जपानी मजूर. पुढे 1916 मध्ये तिथे खिंड सोडून 8 किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या नेल्या.

आणि ‘आपल्याकडे’ म्हणाल तर काश्मीरमध्ये मोठा हिमवर्षाव झाला की बनिहालकडच्या गाड्याही थांबवतात. पावसाची तुलना करायचीच तर कोकण रेल्वेशी करा. पावसाळ्यासाठी तिथे वेगळं, संथ वेळापत्रक असतं. दरडीच्या जागी ट्रॅकमन भर पावसात गस्त घालतात, आणि समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी 40 किलोमीटरवर आणतात. तो उशीर मुद्दाम ठरवलेला असतो.