सही मिळते, शिकवण मिळत नाही

एका लेखात वाचलं की कामावर देखरेख करून शिकवणारा सुपरव्हायझर वाईट आहे हे शिकणाऱ्याला बऱ्याचदा उशिरा कळतं. अगदी खरं. मलाही आठ महिने लागले.

बिहेवियर अ‍ॅनालिस्ट (वागणुकीचा अभ्यास करून ती सुधारायला मदत करणारा तज्ज्ञ) होण्यासाठी मी नागपुरातल्या एका सेंटरमध्ये फील्डवर्क, म्हणजे देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम, करत होते. मे महिन्याच्या उन्हात मानेवाड्याहून स्कूटीने जायचे, दिवसभर मुलांसोबत सेशन्स. हे सर्टिफिकेट देणाऱ्या अमेरिकेच्या बीएसीबी या संस्थेचा तेव्हाचा नियम साधा होता: २००० तासांच्या फील्डवर्कमध्ये दरमहा किमान ५ टक्के वेळ सुपरव्हिजन, म्हणजे १०० तास काम केलं तर ५ तास. त्यातलं निदान निम्मं गटात नाही तर एकट्याशी, आणि महिन्यातून एकदा तरी सुपरव्हायझरने शिकणाऱ्याला मुलासोबत काम करताना बघायचं. माझ्या सुपरव्हायझर मॅडमनी मला काम करताना एकदाही पाहिलं नाही. महिन्याअखेरी फॉर्मवर सही तेवढी मिळायची. मुलाच्या प्रगतीचा ग्राफ दाखवला की "छान चाललंय". एक मूल स्वतःला चावायचं, त्याचं काय करू विचारलं तर "अनुभवाने येईल." ते मूल माझ्या अज्ञानाची किंमत मोजत होतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

वाईट सुपरव्हिजनची आणखी एक खूण: किमान ६० टक्के तास असेसमेंट, प्रोग्राम लिहिणं, डेटा तपासणं अशा कामांचे हवे होते. माझे जवळपास सगळे तास थेट थेरपीत गेले. स्वस्तात थेरपिस्ट मिळाली होती त्यांना.

२०२३ पासून बीएसीबीने भारतातून नवे अर्ज घेणं बंद केलंय. आता दुसऱ्या संस्थेच्या सर्टिफिकेटसाठी तास भरणाऱ्या मुलींनो, पैसे देण्याआधी लेखी करार मागा आणि तासांची नोंद स्वतःकडेही ठेवा.