पर्वरीची दुसरी बस

घरी फोंड्याला फोन लावला की वहिनीचा आवाज हल्ली बसमधूनच येतो. मी इकडे इंग्लंडात स्विंडनला, म्हणजे गोंयकारांचं दुसरं गावच म्हणा, दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करतो तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा-सात झालेले असतात आणि ही बाई जुने गोवे नाहीतर बाणस्तारीच्या आसपास कुठेतरी दांडा धरून उभी. ऑफिस पर्वरीला. सकाळी तिस्कावर पणजीची बस पकडायची, पणजीच्या स्टँडवर उतरायचं, मग म्हापशाच्या बसमध्ये घुसून मांडवी ओलांडायची आणि संध्याकाळी तेच सगळं उलटं. पर्वरीत उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून तर विचारूच नका.

आता गोव्याच्या नव्या तिसऱ्या जिल्ह्यावरून घरच्या ग्रुपवर रोज भांडणं चालू आहेत. कुशावती जिल्हा, मुख्यालय केपे, त्यात सांगे, काणकोण आणि धारबांदोडा पण. एक म्हणतो बरं झालं, मडगावच्या जिल्हा ऑफिसच्या हेलपाट्या वाचल्या, दुसरा म्हणतो काणकोणवाल्याने करमळ घाट उतरून केप्याला यायचं काय मडगावला जायचं, त्याला काय फरक. दोघंही लोकांच्या फेऱ्या मोजतात, त्यांचं बरोबरच आहे. पण त्या ऑफिसात खुर्चीवर बसायला रोज कोण कुठून येणार हे कोणीच विचारत नाही. मडगावातले क्लार्क केप्याला पाठवले की झालं, अजून एक बस भरली!

इथल्या लोकांनी ऑफिसं हलवायचा हा खेळ फार आधी खेळलाय. स्विंडन स्टेशनच्या मागे पोलॅरिस हाऊस म्हणून सरकारी इमारत आहे, संशोधनाचे पैसे वाटणाऱ्या संस्था त्यात आहेत, लंडनपासून ट्रेनने तासभर. मला तिचं कौतुक एवढ्याचसाठी की ट्रेनमधून उतरलेला माणूस चालत पाच-सात मिनिटांत टेबलावर. गाड्यांचे लायसन बघणारं ऑफिस लांब वेल्समध्ये स्वान्सीला. 2004 मध्ये लायन्स नावाच्या माणसाचा रिपोर्ट आला की लंडनबाहेर 20,000 सरकारी नोकऱ्या हलवा, आणि मग आकडेवारीचं राष्ट्रीय ऑफिस न्यूपोर्टला नेलं. तिथे मात्र मजा झाली, लंडनच्या स्टाफपैकी दहा टक्के पण गेले नाहीत. बायकोची नोकरी, पोरांची शाळा, कोण जाणार? अनुभवी माणसं सुटली आणि त्या ऑफिसची अडचण पुढे कितीतरी वर्षं चालली.

आमच्याकडे हे होणार नाही हो. गोव्यातला सरकारी माणूस नोकरी सोडणार नाही आणि घर तर त्याहून सोडणार नाही. वडिलोपार्जित घर, तुळस, देवळाची पाळी, माड, म्हातारी आई, हे टाकून पर्वरीला भाड्याने राहायला जाणार कोण, आणि तिथलं भाडं एलडीसीच्या, म्हणजे साध्या क्लार्कच्या, पगारात बसणार कसं? म्हणून इंग्लंडात ऑफिस हललं की माणूस गळतो, गोव्यात ऑफिस हललं की माणूस बसमध्ये चढतो. त्याचे दिवसाचे तीन-चार तास जातात पण ते कुठल्या फायलीत दिसत नाहीत, कारण तो साडेनऊला टेबलावर असतोच. (बरं, पावणेदहाला.)

आपण याला उत्तर काय दिलं तर पूल. 2019 ला मांडवीवर अटल सेतू झाला, मग झुआरीचा नवा पूल, चांगलेच झाले, मी विरोधात नाही. पण अख्खा गोवा 3,702 चौरस किलोमीटरचा, उत्तरेतून दक्षिणेत शंभरेक किलोमीटर, त्यात मडगावची एलडीसी पणजीला आणि पणजीची एलडीसी मडगावला, दोघींचा ग्रेड एकच, पगार एकच, आणि सकाळी झुआरीवर दोघींच्या बसेस एकमेकींच्या बाजूने जातात. त्यांच्या खुर्च्या बदलायला सिमेंट लागत नाही. पोस्टिंग काढताना घराचा पिनकोड बघा एवढंच. सगळ्यांचं जमणार नाही हे मान्य, मंत्रालय पर्वरीतच राहणार, काही खात्यांचे लोक तिथेच लागणार, आणि म्युच्युअल ट्रान्स्फर म्हटलं की आमदाराची चिठ्ठी आडवी येते हे मला कोणी इकडे लांब बसून शिकवायला नको. नवीन ऑफिस बांधायचंच असेल तर निदान बसस्टँडला चिकटून बांधा, मोकळी सरकारी जमीन मिळाली म्हणून माळावर नको, तिथे साहेबाची गाडी जाते, शिपायाला मात्र उन्हातून चालावं लागतं.

वहिनीला मी हे सगळं सांगितलं तर ती हसली. म्हणाली, भाऊजी, मला मिळालेली रे एक, म्हापशाची, फोंड्याला कामाला येते. आम्ही दोघींनी अर्ज दिला. दोन गणपती गेले.

मग कंडक्टर ओरडला, मागे सरा, आणि तिने फोन ठेवला.